पाणी पाजून बाटवलं म्हणता, तर ऐका

दादा, उत्तराला उशीर झाला, सॉरी. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनच्या हापशांवर मी लेख लिहिला त्यावर तुमचं म्हणणं असं की बोअर वगैरे सगळं आमिष, पाणी पाजून माणसं बाटवायची, आणि मी बसलोय त्यांची आरती ओवाळत.

आरतीचं मान्य. सूर जरा जास्तच लागला माझा. आणि दुष्काळात पोटासाठी लोक मिशनकडे गेले, ख्रिस्ती झाले, हेही घडलेलंय, नाही कुठे म्हणतोय.

पण हापशाची गोष्ट वेगळी आहे हो. साठच्या दशकाच्या शेवटी आपल्या काळ्या पाषाणात भराभर बोअर घ्यायची मशिनं आली, भोकं पडली, पण वर बसवलेले बिडाचे पंप होते युरोप-अमेरिकेतल्या एका शेतकरी कुटुंबापुरते, आणि इथे पहाटेपासून अख्खं गाव दांड्याला लटकलेलं, मग टिकणार कसे? १९७४ च्या सुमारास युनिसेफनं पाहिलं तर चारातले तीन बंद! त्याआधीच जालन्याच्या मिशनवाल्यांनी पोलादी दांड्याचा दणकट पंप बनवला होता, सोलापुरात त्याच्याही पुढचा झाला, आणि सोलापूरचा धरून सरकार, युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी इंडिया मार्क टू हा हापसा काढला. पेटंट कुणी घेतलं नाही. युगांडात त्याच जातीच्या पंपाला यू-टू म्हणतात. आता तिथल्या बाईला जालन्यातून कोण बाटवणार, सांगा.

आमच्या आजोळी, बदनापूरकडे, हापसा सरकारी होता, पण मार्क टूच. मामा वरचं झाकण उघडून साखळीला ग्रीस लावायचा ते मी डोळे फाडून बघायचो, दांडा सोडला की ती साखळी आत खाडकन वाजायची. गावच्या आडावर खालच्या वस्तीतल्या बायांना पोहरा टाकू देत नसत, कुणीतरी वरून ओतेल तेव्हा पाणी. हापशावर त्या रांगेत आल्या. आणि आमची आजी, माळकरी बाई, त्यांच्यानंतर नंबर आला की आधी दांडा धुवून घ्यायची. रोज. त्या बायांतलं कुणी ख्रिस्ती झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही, झाल्या असत्या तरी आजीला विचारायचं सोडून मिशनला कसं विचारू मी?

हां, एका गोष्टीवर तुम्ही मला हाणायला हवं होतं आणि नेमकं तेच सोडलंत. बोअर सोपं झालं तसा जो तो खाली खाली गेला, मोसंबीच्या बागांना सातशे-सातशे फूट, आणि हापशाचं पाणी आटलं. यात मिशन, सरकार, माझा मामा, सगळे आले, मी लेखात एक ओळ लिहिली नाही यावर. चूक माझी.

आजोळचा हापसा आता नाहीये, दांडा कुणीतरी भंगारात घातला. सिमेंटचा ओटा तेवढा आहे, उन्हाळ्यात टँकर आला की बाया त्यावर हंडे मांडतात.