परदेशातून : समृद्धीवर १४० कुणासाठी?

समृद्धी महामार्ग ताशी १५० किलोमीटर वेग धरून आखलेला आहे आणि पाटीवर मात्र १२० लिहिलंय. मग मर्यादा १४० तरी करा, हा मुद्दा नागपुरात सारखा निघतो, आणि तो काही उगाच नाही. आमच्या घरच्या ग्रुपवरही कुणी ना कुणी तो उकरून काढतंच. मामेभाऊ नागपूरजवळच्या शिवमडक्याला रस्त्यावर चढतो, शिर्डीला दर्शन घेतो आणि परत आल्यावर लिहितो, "रस्ता रिकामा पडून रायते, गाडी दीडशेलाही हलत नाही, मंग एकशेवीसवर काऊन चालवाचं?" पाठोपाठ माझ्यासाठी ठरलेलं वाक्य येतं. "ताई, तुमच्या तिकडं तं लिमिटच नाही म्हणतात."

आमच्या तिकडं म्हणजे नेमकं कुठं, हे त्याला दरवेळी नव्यानं सांगावं लागतं. मी राहते आइंडहोवनला, नेदरलँड्समध्ये. इथं मोजके पट्टे सोडले तर सकाळी सहा ते संध्याकाळी सात मोटरवेवर १०० च्या वर जायची मुभाच नाही, म्हणजे समृद्धीपेक्षा २० नं कमी. मर्यादा नसलेला देश शेजारचा, जर्मनी. पाऊण तासात व्हेनलो गाठायचं, सीमा ओलांडून कोलोनच्या दिशेनं निघायचं, की कुठंतरी तिरक्या काळ्या रेघांची गोल पांढरी पाटी येते. तिथून पुढं सगळी बंधनं संपली. एकाच प्रवासात दोन्ही प्रकार अनुभवायला मिळतात, त्यामुळं या वादात माझं मत थोडं वेगळं पडतं.

आधी डच लोकांची गोष्ट, कारण ती नागपुरात कुणाला खरी वाटत नाही. यांनी २०१२ मध्ये मर्यादा वाढवून १३० केली होती. मग २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं नायट्रोजनच्या प्रदूषणावरून सरकारची जुनी परवाना पद्धत मोडीत काढली. घरं, रस्ते, गोठे, सगळ्यांची बांधकामं अडकली. गाड्यांच्या धुरातून निघणारा नायट्रोजन वाचवून बांधकामाला वाव द्यायचा म्हणून मार्च २०२० पासून दिवसा सगळीकडे १००. गाड्या हळू चालवा, म्हणजे घरं बांधता येतील! लोकांनी भरपूर कुरकुर केली, पण पाळतात. पाळतात ते सज्जन आहेत म्हणून नव्हे. अनेक ठिकाणी कॅमेरा दोन खांबांमधला सरासरी वेग मोजतो. एका खांबापुढं ब्रेक दाबून पुढं पुन्हा सुसाट जायची सोय नाही. एप्रिल २०२५ मध्ये मोजक्या पट्ट्यांवर पुन्हा १३० आले. कारण बदललं की आकडा बदलतो, त्यात देशाची इज्जत कुणी अडकवत नाही.

जर्मनीत मात्र इज्जतच अडकलेली आहे. १९७३ च्या तेलटंचाईत चारेक महिने १०० ची मर्यादा आली, तेव्हा तिथल्या मोटारवाल्यांच्या मोठ्या क्लबनं 'मोकळ्या नागरिकांना मोकळा रस्ता' अशी घोषणा काढली. ती आजही निवडणुकीच्या तोंडावर ऐकू येते. आपल्याकडे या घोषणेचं अर्धंच चित्र पोचतं. ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या मोटरवेवर, १३० हा 'सल्ला' आहे, आणि त्या सल्ल्याला दात आहेत. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं ठरवून दिलं, की १३० च्या वर असताना अपघात झाला, तर चूक समोरच्याची असली तरी "हा टाळणं शक्यच नव्हतं" असं सहजी म्हणता येणार नाही. १३० वर असतो तरी एवढंच नुकसान झालं असतं, हे तुम्ही सिद्ध करायचं. नाही जमलं तर भरपाईतला वाटा तुमच्याही गळ्यात. हवं तेवढं पळा, पण जोखीम तुमची.

पण भावाला मला सांगायचं असतं ते याच्या पुढचं. दोनशेनं जाणारी गाडी तिथं चालते, कारण उजव्या कडेनं (वाहतूक उजवीकडून, म्हणून) जाणारा ट्रक काय करणार हे तिच्या चालकाला आधीच ठाऊक असतं. ट्रकला ८० ची मर्यादा, आणि युरोपभर इंजिनालाच ९० चं कुलूप. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचंच. टॅकोग्राफ नावाचं यंत्र मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवतं आणि पोलीस रस्त्यात अडवून तो तपासतात. रविवारी रात्री दहापर्यंत मोठे मालट्रक बहुतेक रस्त्यावरच नसतात. ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि झालं की लगेच आपल्या लेनमध्ये परत. ट्रकचालकाला झोपायला जागा हवी म्हणून ठरावीक अंतरावर थांबे. ते रात्री कमी पडतात अशी ओरड असते, पण ते असावेत याबद्दल वाद नाही.

आता समृद्धीवर या. एका दिशेला तीन लेन आहेत. नियमानं आठ प्रवाशांपर्यंतच्या गाडीला १२०, त्याहून मोठ्या प्रवासी वाहनाला १००, मालवाहू गाडीला ८०. कागदावर हे युरोपसारखंच. प्रत्यक्षात माल भरलेला ट्रक चढाला चाळीसवर येतो, आणि तो डावीकडेच असेल याची खात्री कुणी देत नाही. कारला १४० द्या, म्हणजे दोघांतला फरक ताशी १००, सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. १४० च्या वेगात पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ३९ मीटर पुढं गेलेली असते. १२० ची धडक आणि १४० ची धडक यांत वेग सहाव्या हिश्शानं वाढतो, पण धडकेतली ऊर्जा ३६ टक्क्यांनी. हे शाळेतलं गणित आहे, त्याला जर्मन अभियंता लागत नाही.

आणि एवढं करून मिळतं काय? नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. एकदाही न थांबता सलग १२० नं चार तास वीस मिनिटं, सलग १४० नं तीन तास त्रेचाळीस. सदतीस मिनिटं वाचली. तर्री पोहे खाऊन चहा होईपर्यंत तेवढा वेळ जातो, आणि मामेभाऊ पोह्यांची दुसरी प्लेट सोडत नाही.

१४० ची मागणी फक्त पोरांची नाही. आपले खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीही २०२१ मध्ये द्रुतगती मार्गावर १४० असावेत असं मत मांडलं होतं. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयानं उलट दिशेला जात, १२० देणारी २०१८ ची केंद्राची अधिसूचनाच रद्द ठरवली. गडकरींचा युक्तिवाद मला समजतो. रस्ते चांगले झाले, गाड्या चांगल्या झाल्या, मर्यादा जुन्याच काळातल्या राहिल्या. कुणीच पाळत नाही अशी मर्यादा ठेवली तर लोक बाकीच्या पाट्याही वाचायचं सोडतात, हेही खरं. पण त्यावर उपाय आकडा वाढवणं हा एकच नाही. समृद्धीवर चढायची नि उतरायची वेळ टोलवर नोंदली जाते. डच कॅमेरे जे खांबांवर करतात, त्यासाठी लागणारी माहिती आपल्याकडे आयतीच आहे.

या सगळ्या वादात एक गोष्ट मला खटकते. बोलतात ते सगळे कारवाले. समृद्धीचे मोठे अपघात आठवा. १ जुलै २०२३, रात्री दीडच्या सुमारास, सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटली आणि पेटली. २५ जण गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात वैजापूरजवळ भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर मध्यरात्रीनंतर ट्रकवर मागून आदळला, १२ जण गेले. दोन्ही वेळा रात्र, दोन्ही वेळा भाडं देऊन मागं बसलेली माणसं. यांतल्या कुठल्याही गाडीला १४० कुणी मागितलेलं नाही.

देशाचा २०२२ चा अहवाल सांगतो, की रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतली सुमारे ७१ टक्के 'अतिवेग' या रकान्यात गेली. हा रकाना मला फार सोयीचा वाटतो. डुलकी लागली, टायर गुळगुळीत झाले होते, ट्रक दिवे न लावता उभा होता, सगळं त्यात मावतं. म्हणून वेग निर्दोष ठरत नाही. पण ड्रायव्हर किती तासांपासून चाकावर होता, हे विचारायची गरज मात्र उरत नाही.

आणि विचारायला कायदा होता. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ चा, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेईपर्यंत. दिवसाला आठ तास, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. टॅकोग्राफच्या नियमाचा हा थोरला भाऊच म्हणायचा, फक्त त्याच्या हातात यंत्र नव्हतं. शिवाय विश्रांती घ्यायची कुठं? समृद्धी सुरू झाला तेव्हा पेट्रोल आणि जेवणाची सोय शोधावी लागत होती. सरळसोट, रिकामा, दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला काँक्रीटचा रस्ता, त्यात रात्र. डोळे उघडे ठेवून झोपवणारा रस्ता, असं आमचे काका म्हणतात, आणि ते पूर्वी एसटी चालवायचे.

म्हणून मामेभावाला मी लिहिलं, की तुझे १४० मला मान्य आहेत, पण रांगेत. आधी बसच्या आणि ट्रकच्या चालकाचे तास मोजा, झोपायला जागा द्या, जड गाड्या डाव्या लेनमध्ये ठेवा आणि सरासरी वेगावर दंड लावा. हे दोन वर्षं चालवून दाखवा, मग कारसाठी १४० चा प्रयोग एखाद्या सपाट टप्प्यावर करा. त्यानं उत्तर दिलं, "म्हणजे नाहीच म्हणते तू." मी म्हटलं, तसं समज.

माझी भाची पुण्यात नोकरी करते आणि दर सणाला रात्रीच्या स्लीपरनं नागपूरला येते. परवा तिकीट काढताना तिला विचारलं, गाडीत दुसरा ड्रायव्हर आहे का गं? तिनं ॲपवर शोधलं. एसी आहे, चार्जिंग पॉइंट आहे, ब्लँकेट आहे, पाण्याची बाटली आहे. ड्रायव्हरबद्दल काहीच नाही. तिनं फोन करून विचारलं, तर पलीकडच्यानं उलट तिलाच विचारलं, "मॅडम, विंडो सीट पाहिजे का?"