खुलासा : ‘पूर्वीचे विद्यार्थी फक्त शिकायचे’ हे खरं नाही

‘इंग्रजी अमदानीतल्या शिक्षणाने फक्त कारकून घडवले, विद्यार्थ्यांनी समाजाच्या भानगडीत पडायचं खूळ अलीकडचं आहे,’ असा मजकूर सध्या फिरतोय. कारकून घडले, हे कबूल. पण पुढचं साफ चूक आहे.

१८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी एक मंडळ काढलं, ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’. तिथे निबंध वाचले जात, त्यावर वाद होत. मुलींच्या शिक्षणावर बोलणं झालं, तेव्हा नुसत्या बोलण्यावर ही पोरं थांबली नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या आणि सकाळी स्वतःच विनावेतन शिकवू लागली.

दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. तेव्हा पंचविशीच्या आतले, एल्फिन्स्टनमध्ये शिकून तिथेच शिक्षक झालेले. मुलींना शाळेत पाठवा म्हणून ही मंडळी घरोघर फिरत. काही बापांनी तर जिन्यावरून खाली फेकून देऊ अशी धमकी दिली, असं दादाभाईंनीच पुढे सांगितलं. नाना शंकरशेट यांनी मात्र शाळेसाठी जागा दिली.

मुलींची पहिली शाळा यांनी काढली, असा अर्थ कृपया कुणी काढू नये. पुण्यात फुले दांपत्याची शाळा १८४८ पासूनच सुरू होती.

ही चळवळ पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या धड्यातून आली नव्हती. प्रश्न विचारायची, समोरासमोर वाद घालायची मुभा विद्यार्थ्यांना मिळाली, त्यातून ती उभी राहिली. म्हणून तो मजकूर पुढे पाठवू नका.