जुनी एमटीबी घेताना: त्या मेसेजमधलं काय चुकतंय

नवशिक्यांनी जुनी माउंटन बाइक कशी घ्यावी, याचा एक मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात पाच नियम आहेत. फुल सस्पेन्शनच घ्या, म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी. गिअर 21 तरी हवेत. फ्रेम मोठी असली तरी चालते, सीट खाली घेतली की झालं. 26 इंची चाक दिसलं तर मागे फिरा. आणि रंग चकचकीत असेल तर बाकी सगळं कोपऱ्यावरचा सायकलवाला पाचशे रुपयांत करून देतो. माझ्या भाचीने हाच मेसेज दाखवून मला कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल बघायला नेलं. तिथे जे दिसलं त्यावरून सांगतो, यातला एकही नियम जसाच्या तसा पाळू नका.

सगळ्यात महागात पडतो तो पहिला नियम. फुल सस्पेन्शनला मागे बरेच सांधे असतात, प्रत्येकात बेअरिंग किंवा बुश, आणि वर धक्का झेलणारा शॉक. हे सगळं झिजतं. सीट धरून सायकल मागून हलकीच उचला. 'टक्' असं जाणवलं तर कुठलातरी सांधा सैल झालाय. स्वस्त मॉडेलमध्ये तर मागे नुसती स्प्रिंग असते, तिची उसळी आवरायला काहीच नसतं. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या चढावर प्रत्येक पॅडलला सायकल खाली बसते आणि तुमचा जोर त्या स्प्रिंगमध्ये जातो. तेवढ्याच पैशात फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, म्हणजे हार्डटेल, कितीतरी बऱ्या दर्जाची मिळते.

हार्डटेलचाही फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, तपासायचाच. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार टाका. फोर्क दबला पाहिजे आणि धाडकन न उसळता वर आला पाहिजे. मग खाली-वर होणाऱ्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा आतलं सील कापतोय, म्हणजे तेल बाहेर आणि चिखल आत. आम्ही बघितलेल्या सायकलीच्या उजव्या नळीवर असा ओरखडा होता, जेमतेम करंगळीच्या नखाएवढा. फोटोत तो दिसलाच नव्हता. चांगला एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा, नवा घ्यायचा तर बऱ्याचदा त्या जुन्या सायकलीपेक्षा जास्त पैसे जातात.

आता 21 गिअर. म्हणजे पुढे 3, मागे 7. समजा पुढे 42-34-24 दातांच्या चकत्या आणि मागे 14 ते 34. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्या गिअरमध्ये सव्वाचार पटींचं अंतर मिळतं. पुढे 32 ची एकच चकती आणि मागे 10 ते 51 अशा बारा असतील, तर तेच अंतर 5.1 पट होतं, आणि सगळ्यात हलका गिअर आणखी हलका मिळतो. 21 मधले बरेच गिअर एकमेकांची नक्कल असतात. शिवाय 7 चकत्यांच्या स्वस्त सायकलीत मागे बहुधा आटे फिरवून बसवलेलं फ्रीव्हील, म्हणजे चकत्यांचा गठ्ठा, असतं. त्यात चाकाचं उजवीकडचं बेअरिंग बरंच आत राहतं, त्यामुळे दगडधोंड्यांतून आपटत गेलं की एक्सल, म्हणजे चाकाचा आस, वाकतो. गिअर मोजू नका, मागच्या चकत्यांचे दात मोजा.

सीट खाली घेतल्याने सीटपासून हँडलचं अंतर मोठ्या फ्रेमवर होतं जवळजवळ तेवढंच राहतं. भाचीची उंची पाच फूट दोन इंच. मोठ्या फ्रेमवर तिचे हात ताणले जात होते, आणि उतरून दोन्ही पाय टेकवले तर वरची नळी अंगाला लागत होती. उतारावर अचानक थांबायची वेळ आली की हीच नळी इजा करते. मुळात सीटचा दांडा हलतो का, हेही बघा. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या सायकलीत तो फ्रेमला गंजून घट्ट बसलेला असू शकतो.

26 इंचीबद्दल थोडं खरं आहे. 29 इंची चाक दगडांवरून सहज जातं, आणि 26 इंचीला चांगला नवा फोर्क मिळवणं अवघड झालंय. पण टायर-ट्यूब मिळतात. आणि हा खेळ सुरूच झाला तो जुन्या, 26 इंची, जाड टायरच्या सायकलींवर. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत 1976 साली 'रिपॅक' शर्यत सुरू झाली, तिथली मुलं बहुतेक 1930-40 च्या दशकांतल्या सायकली घेऊन उतरायची. मागच्या चाकाच्या मधोमध, हबमध्ये असलेल्या ब्रेकचं ग्रीस उतारावर जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं, म्हणून ते नाव. फ्रेम धड असेल आणि भाव कमी असेल, तर पहिली सायकल म्हणून 26 इंची खुशाल घ्या.

राहिला चकचकीत रंग. मला नव्या रंगाची भीती वाटते. हँडलखालचा नळ्यांचा जोड, पॅडलचे दांडे फ्रेमला जोडतात तो भाग, सीटच्या दांड्याजवळचं वेल्डिंग, तडे इथेच जातात आणि रंगाखाली झाकले जातात. सायकल उलटी करून पॅडलच्या बेअरिंगखालचा सीरियल नंबर बघा. तो खरवडलेला असेल तर घेऊ नका. चोरीचा माल आहे हे कळून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे.

पाचशे रुपयांचा हिशोब तर चेनच मोडून काढते. बारा इंची फूटपट्टीची सुरुवातीची रेघ एका पिनेवर धरा. नव्या चेनची त्यापुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती अर्धं सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली असेल तर चेन बदलायची. एक सूत पुढे गेली असेल तर मागच्या चकत्याही गेल्या, कारण त्या जुन्या चेनबरोबर झिजलेल्या असतात आणि नवी चेन त्यांवरून घसरते. पार्किंगमधल्या त्या सायकलीची पिन सव्वा सूत पुढे होती. डिस्क ब्रेकच्या चकतीवर किमान जाडी छापलेली असते, शिमानो कंपनीची बहुधा 1.5 मिलिमीटर. चकती त्याहून पातळ झालेली नाही ना, तेही बघा.

ती सायकल आम्ही सोडली. तीन आठवड्यांनी पाषाणला एक लहान फ्रेमची हार्डटेल मिळाली. रंग उडालेला, 26 इंची, पण मूळ बिलासकट. फोर्कच्या नळ्या गुळगुळीत, चेन जेमतेम अर्धं सूत पुढे. नवी चेन, दोन ट्यूब आणि गिअरच्या केबल टाकल्या. रविवारी भाची तीच घेऊन टेकडीवर गेली.