नॉक आला म्हणून चोर घरी बसत नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून भूमिका वठवायचा खेळ खेळणाऱ्यांच्या गप्पांत हे हमखास ऐकू येतं: ‘विझार्ड पाचव्या लेव्हलला पोचला की चोराचं काम संपलं. कुलपाला नॉक, लपायला इन्व्हिजिबिलिटी, गोड बोलायला चार्म पर्सन, कडा चढायला फ्लाय. तेव्हा जादू कापा, नाहीतर कौशल्यं विसरा.’ (विझार्ड म्हणजे जादूगार, चोर म्हणजे आताचा ‘रोग’ (rogue) हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार. नॉकपासून फ्लायपर्यंतचे सगळे विझार्डचे स्पेल, म्हणजे मंत्र. लेव्हल म्हणजे पात्र अनुभवाने चढतं ती पायरी.) असं म्हणणारे बरेच जण २०१४ची पाचवी आवृत्ती खेळतात, म्हणून नियमही तिचेच घेऊ.

आधी नॉक, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे. स्पेलचं वर्णन शेवटपर्यंत वाचणारे कमी. कुलूप उघडतं हे खरं, पण ३०० फुटांपर्यंत ऐकू जाईल एवढा ठोठावल्याचा आवाज होतो. अख्ख्या किल्ल्याला जाग आणून दार उघडायचं असेल तर कुऱ्हाडही चालली असती. शिवाय नॉक दुसऱ्या पातळीचा, आणि पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे त्या पातळीचे स्लॉट (दिवसभरात स्पेल टाकायच्या संधी) तीन. आर्केन रिकव्हरी या विझार्डच्या खुबीने त्यात एखादा परत येईल. त्यातच वेब आणि मिस्टी स्टेप हे स्पेलही भागवायचे. त्याच लेव्हलच्या चोराची डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ असेल आणि त्याने कुलपाच्या अवजारांत एक्स्पर्टीज (खास प्रावीण्य) घेतली असेल, तर वीस बाजूंच्या फाशात १० मिळवायचे. डीसी (गाठायचा आकडा) १५चं कुलूप २०पैकी १६ वेळा उघडतं, गुपचूप आणि फुकट. अकराव्या लेव्हलला रिलायबल टॅलेंट ही खुबी मिळाल्यावर तर डीसी २०चं कुलूप त्याच्या हातून चुकतच नाही.

तक्रार निखालस खोटी नाही, शिळी आहे. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत ४,५०० सोन्याच्या नाण्यांना नॉकची कांडी मिळायची, ५० वेळा चालणारी. स्वतः बनवली तर निम्म्यात. तेव्हा चोराने खरंच घरी बसावं अशी स्थिती होती. आवृत्ती बदलली, तक्रार तशीच राहिली.

इन्व्हिजिबिलिटीने माणूस दिसत नाही, पण त्याच्या चालण्याचा आवाज होतो आणि पावलं उमटतात. लपायचं तर स्टेल्थचा फासा टाकावाच लागतो. म्हणून हा स्पेल शहाणा विझार्ड स्वतःवर वापरत नाही, चोरावर टाकतो. पास विदाउट ट्रेस हा स्पेल तर स्टेल्थमध्ये थेट १० मिळवतो. हे स्पेल कौशल्याची जागा घेत नाहीत, त्याला धार लावतात.

चार्म पर्सनचंही तेच: मोहित माणसाशी बोलताना अॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) मिळतो, म्हणजे पर्सुएशनचा (मन वळवण्याचा) फासा आहेच. वर स्पेल उतरल्यावर त्याला कळतं की आपल्यावर जादू झाली होती. सरदाराच्या बाबतीत हे करून बघाच एकदा.

फ्लायपाशी मात्र मी थबकतो. इथे नियमांपेक्षा टेबलावरच्या सवयीचा दोष मोठा आहे. विझार्ड ‘फ्लाय’ म्हणतो आणि वर पोचतो. फायटर (लढवय्या) कडा चढायला निघाला की डीएम (खेळ चालवणारा) पायथ्याला एक रोल मागतो, मध्यावर दुसरा, माथ्याशी तिसरा. प्रत्येक वेळी ७५ टक्के शक्यता धरली तरी तिन्ही जमण्याची शक्यता ४२ टक्केच उरते. एवढं करून हाच डीएम म्हणणार, कौशल्यांत दम नाही! एकदा फासा टाकू द्या आणि तो निकाल वरपर्यंत चालू द्या, निम्मं भांडण तिथेच मिटेल.

‘जादू कापा’ हा उपायही नवा नाही. २००८च्या चौथ्या आवृत्तीत नॉकला झटपट स्पेलऐवजी विधी बनवून झालं: दहा मिनिटं लागणार, वर सामानाचा खर्च. समतोल आला, पण सगळे क्लास सारखेच वाटतात म्हणून कित्येक खेळाडू तिला कंटाळले.

तेराव्या लेव्हलनंतर, टेलिपोर्ट हाती आल्यावर, तक्रारीत बरंच तथ्य आहे. त्याआधीचं माझं खरं दुखणं टायनी हट हा स्पेल. विधी म्हणून केला तर स्लॉटही लागत नाही आणि आठ तास सुरक्षित, कोरडा निवारा. जंगलात रात्र काढण्यासाठी रेंजरने कमावलेल्या सर्व्हायव्हलचं मग काय करायचं? आमच्या टेबलावर टायनी हट विधी म्हणून चालत नाही, तिसऱ्या पातळीचा स्लॉट मोजावा लागतो. विझार्ड खेळणारा अजून कुरकुरतो, पण मुक्कामाची जागा आता रेंजरला विचारून ठरते.