पाइप गॅसची शेगडी सिलिंडरला ‘तशीच’ जोडू नका

सांगलीत सध्या घरोघरी एक मेसेज फिरतोय. पुण्या-मुंबईहून पाइप गॅसची शेगडी आणली असेल तर सिलिंडरला तशीच जोडा, गॅस तो गॅसच. ज्योत मोठी वाटली तर रेग्युलेटर अर्धा फिरवा. पिवळी दिसली तर आठवडाभरात निळी होते, नाहीतर जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, तांब्याची तार घाला. वास आलाच तर एक्झॉस्ट लावा. चांगली शेगडी टाकून देऊ नका, मिस्त्रीलाही पैसे देऊ नका.

मी शेगड्या दुरुस्त करूनच पोट भरतो, हे आधीच सांगतो. तरीही हा मेसेज पुढे पाठवू नका.

‘गॅस तो गॅसच’ इथेच सगळं चुकतं. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन, सिलिंडरमध्ये असतात प्रोपेन आणि ब्युटेन. एक लिटर मिथेन जळायला साधारण 10 लिटर हवा पुरते. प्रोपेनला 24 लागते, ब्युटेनला 31 च्या आसपास. दाबही वेगळा: पाइपचा गॅस शेगडीला 21 मिलिबारने मिळतो, घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर 30 ने सोडतो. लिटरमागे मिथेनमध्ये उष्णता कमी, म्हणून पाइपच्या शेगडीच्या जेटचं भोक मोठं. त्याच भोकातून सिलिंडरचा गॅस सोडला की बर्नरवर जवळपास दुप्पट उष्णतेचा गॅस येतो आणि तो जाळायला हवा पुरत नाही.

विश्रामबागेत एका काकूंकडे हेच पाहिलं. मुलगा पुण्याचा फ्लॅट सोडून आला, मेसेज वाचून त्यानेच नळी जोडली. चहाच्या पातेल्याच्या काठापर्यंत पिवळ्या ज्वाळा चढत होत्या. भाकरीच्या तव्याखालून बोट फिरवलं तर पेरापर्यंत काजळी. काकू म्हणाल्या, “स्वयंपाक होईस्तोवर डोकं जड होतंय बघा.” थंडीमुळे खिडकी बंद होती. गॅस अर्धवट जळला की काजळीसोबत कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, आणि त्याला ना रंग ना वास. काकूंना आधी बाहेर ओट्यावर बसवलं, मग पाना काढला.

पिवळी ज्योत आठवड्यात काय, वर्षातही निळी होत नाही. जेट बदलावाच लागतो.

तारेचा उपाय तर मला सगळ्यात घातक वाटतो. जेटमधून गॅसची धार सरळ सुटते आणि जाताना बर्नरच्या नळीत हवा ओढून घेते. तार घातली की धार तिरकी होते, हवा आणखी कमी ओढली जाते. शिवाय लहान-मोठ्या बर्नरची भोकं वेगवेगळ्या मापाची असतात, मिलिमीटरच्या अंशातली. ती अंदाजाने बुजवता येत नाहीत.

रेग्युलेटरची खुंटी चालू-बंद करण्यासाठी आहे. ती अर्धी ठेवून जेटचं माप बदलत नाही.

आणि एक्झॉस्ट? सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीलगत साचतो. बटणाची ठिणगीही पुरते. कुठलंही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन 1906 या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन लावा.

मेसेजमधली एक गोष्ट मला पटते: चांगली शेगडी टाकून द्यायची गरज नाही. तिच्या कंपनीकडे त्याच मॉडेलचे सिलिंडरचे जेट मिळत असतील तर ते बसवून घ्या, सिमची ज्योतही जुळवून घ्या. मिळत नसतील तर मात्र सिलिंडरचीच शेगडी घ्या.

काकूंच्या शेगडीचे तिन्ही जेट मिळाले. नवी सुरक्षा नळी लावली, जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहिलं. काढलेले जेट पुडीत बांधून, वर ‘पाइप गॅस’ लिहून काकूंच्या हातात दिले.