जावईबापूंच्या खापरपणजीचं माहेर

मुलीकडे पिट्सबर्गला आलो की जावईबापू मला काही ना काही उद्योग लावून देतात. यंदा गवत कापून झालं आणि त्यांनी खापरपणजी काढली. चार-पाच पिढ्यांमागची, पेनसिल्व्हेनियातली शेतकरीण. नाव मेरी, नवरा मिलर, माहेर अज्ञात. बाबा तलाठी होते, बाबांना सापडेल, असा त्यांचा हिशेब.

मी म्हटलं, जन्मदाखला काढा. तर या राज्याने जन्ममृत्यूची राज्यभर नोंद सुरू केली १९०६ साली! तोवर बाई जन्मून, नांदून, मरून मोकळी.

मग जनगणना. १८४० पर्यंत अमेरिकेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीची माणसं वयाच्या रकान्यात नुसते आकडे. म्हणजे आमची मेरी बापाच्या घरी 'मुली : ३' यांतली एक. पण कुठल्या बापाच्या? ते कळायला माहेरचं आडनाव हवं, आणि आडनाव कळायला बाप हवा. असली प्रकरणं मी तालुक्याला पाठवून द्यायचो. इथे तालुकाही मीच.

१८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आलं. गुलामांचं तेव्हाही नाही. त्यांच्या वेगळ्या तक्त्यात मालकाचं नाव आणि खाली वयं. त्या मानाने आमची चौकशी म्हणजे चैनच. तरी प्रमुखाशी नातं काय, हा रकाना यायला १८८० उजाडलं. मिलरच्या घरातली मेरी ही बायको, बहीण की स्वयंपाकीण, हे ज्याने त्याने ठरवावं. १८५० ला तिचं वय पंचवीस, १८६० ला एकतीस. इथवर मला ओळखीचं वाटलं. पण १८६० ला नाव मेरी नाही, पॉली! जावईबापूंनी दुसरी बायको जाहीर केली. मुलीने शोधून सांगितलं की मेरीला लाडाने पॉली म्हणायची तिकडे पद्धतच होती. आमच्याकडे सगळा गाव ज्याला बंडू म्हणतो तो सातबाऱ्यावर पुरुषोत्तम असतो, तसंच.

१८९० ची जनगणना बघावी, तर ती १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला आगीत सापडली. उरलंसुरलं सरकारने पुढे रीतसर मंजुरी घेऊन नष्ट केलं. मंत्रालयाची आग आठवून मला उगाच घरच्यासारखं वाटलं. शिवाय 'रीतसर' हा शब्द मला अजून आवडतो.

शेवटी बाई सापडली ती नवरा गेल्यामुळे. तो यादवी युद्धात छावणीतल्या तापाने मेला. त्या युद्धात गोळ्यांपेक्षा आजारानेच जास्त सैनिक गेले. साध्या शिपायाच्या विधवेला महिना आठ डॉलर पेन्शन, पण लग्न झाल्याचा पुरावा हवा. मग काय, फाइल फुगली! घरच्या बायबलमधलं मुलांच्या जन्मतारखांचं पान फाडून जोडलेलं, सुईणीचा जबाब, शेजाऱ्यांचे जबाब. तशात १८८२ ला कायदा आला की विधवा उघडपणे परपुरुषासोबत राहत असेल तर पेन्शन बंद. लगेच साहेब चौकशीला गावात. मेरीने एक खोली भाड्याने दिली होती. भाडेकरू जेवतो कुठे, सरपण कोण फोडतं, दिवा किती वाजता विझतो, हे सगळं सरकारी खर्चाने टिपलेलं. चाळीतल्या कुचाळक्यांना कुणी असं साक्षांकित केलं नव्हतं. आयुष्यभर जिचं नाव धड लिहिलं नाही, तिच्या घरच्या दिव्याची वेळ सरकारला पाहिजे! मी असा पंचनामा फेकून दिला असता. पण काय करता, सगळं त्यातच होतं. मेरीचा जबाबही, खाली सहीच्या जागी फुली. आणि सुईणीच्या जबाबात, चौथ्या ओळीत, माहेरचं आडनाव.

मिलर.

जावईबापू म्हणाले, या भागात ते फारच कॉमन आहे, जर्मन लोक ना सगळे. आमची ही भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "गोत्र बघितलं नव्हतं का यांनी?"

जावईबापूंनी वही उघडली आणि गोत्राचं स्पेलिंग विचारलं. मुलगी माझ्याकडे असं बघत होती की मी गवत पुन्हा वाढलंय का ते बघायला बाहेर गेलो.