गूळ-साखर सोडल्याने लेश्मानियाचा फोड बरा होत नाही

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: राजस्थानातून आलेल्या मजुरांच्या अंगावरचे फोड स्पर्शाने पसरतात, आणि गूळ-साखर बंद करून वर हळद लावली की आतला परजीवी उपाशी मरतो. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

मेसेजमधला फोड म्हणजे त्वचेचा लेश्मानिया, लेश्मानिया नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होणारा रोग. तो वाळूमाशी या बारीक माशीच्या चाव्यातून होतो, शेजारी बसल्याने किंवा हात लावल्याने नाही. त्या मजुरांना वाळीत टाकणं हा निव्वळ अन्याय आहे.

आता साखरेचं. माशीच्या पोटात हा परजीवी साखरेवर भराभर वाढतो, हे खरं. पण माणसाच्या पांढऱ्या पेशीत शिरला की तो गोल होतो, शेपूट आखडते, वाढ मंदावते. ग्लुकोज कमी घेतो, चरबी आणि अमिनो आम्लंही वापरतो. शिवाय गूळ सोडला म्हणून रक्तातली साखर काही संपत नाही. फोड किती रेंगाळणार हे बऱ्याच अंशी परजीवीची प्रजात आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती ठरवते. लेश्मानिया मेजर या प्रजातीचा ओलसर फोड बहुधा काही महिन्यांत भरतो. बिकानेरकडे आढळणाऱ्या लेश्मानिया ट्रॉपिका या प्रजातीचा कोरडा फोड वर्षभरही राहतो.

मध्ये खपली, कडा उचललेल्या, फारसं दुखत नाही आणि आठवडे उलटले तरी भरत नाही, असा फोड असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कडेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. जाताना हळद थापू नका, आणि राजस्थान किंवा हिमाचलात राहून आला असाल तर ते आवर्जून सांगा.